तेलाच्या डब्यावरचे हृदय

आमच्या इमारतीतल्या एका काकांचा परवा फोन आला. वय अडुसष्ट, तीन वर्षांपूर्वी झटका येऊन गेलेला, एक स्टेंट. नुकताच आलेला रिपोर्ट हातात होता आणि आवाजात घाई.

‘‘अरे, एलडीएल एकशे एकतीस दाखवतंय. मागच्या वेळी अठ्ठावन्न होतं. लॅबवाल्यांनी काहीतरी घोळ घातलाय का?’’

‘‘काका, रात्रीची गोळी चालू आहे ना?’’

थोडा वेळ गेला. ‘‘गोळी चार महिन्यांपूर्वी थांबवली. पोटऱ्या दुखायच्या रे. पण मी काही हयगय केलेली नाही हं. घरातलं तेल बदललंय. त्यात ते फायटोस्टेरॉल असतं, कोलेस्टेरॉल कमी करणारं. डब्यावर लिहिलंय तसं.’’

डब्यावर लिहिले होते ते खोटे नव्हते. निखळ थाप असती तर ती दोन वाक्यांत खोडता आली असती. इथे एक खरी वैज्ञानिक गोष्ट आहे, पण ती किती खरी आणि कोणासाठी पुरेशी, हा हिशेब डब्यावर नसतो. तो इथे मांडून पाहू.

वेळही तशीच आहे. जुलै २०२४ मध्ये कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने रक्तातल्या चरबीविषयी भारतीयांसाठी पहिल्यांदाच स्वतंत्र मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. फारशी जोखीम नसलेल्यांचे एलडीएल १०० मिलिग्रॅमच्या खाली, मधुमेह किंवा उच्च रक्तदाबासारखी मोठी जोखीम असलेल्यांचे ७० च्या खाली आणि ज्यांना झटका येऊन गेला आहे त्यांचे ५५ च्या खाली असावे, असे त्यात म्हटले आहे. २०२५ च्या सुरुवातीला पंतप्रधानांनी घरातला तेलाचा वापर १० टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले. त्याच वर्षी जुलैत समोसा-जिलबीतले तेल आणि साखर सांगणाऱ्या फलकांवरून आठवडाभर चर्चा रंगली. ऑगस्टमध्ये युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या सुधारित सूचनांत, ज्यांची सुरक्षितता आणि एलडीएल कमी करण्याची ठोस क्षमता सिद्ध झालेली नाही अशी पूरके हृदयविकार टाळण्यासाठी घेऊ नयेत, असे स्पष्ट लिहिले. लोक एलडीएलचा आकडा लक्षात ठेवू लागले आहेत, हे चांगलेच आहे. आकडा खाली आणण्याचा ‘नैसर्गिक’ मार्ग विकणारेही त्यामुळे वाढले आहेत.

आधी हे फायटोस्टेरॉल म्हणजे काय ते पाहू. आपल्या पेशींच्या आवरणाला आकार आणि घट्टपणा देण्याचे जे काम कोलेस्टेरॉल करते, तेच काम वनस्पतींच्या पेशींत फायटोस्टेरॉल करतात. बीटा-सिटोस्टेरॉल, कॅम्पेस्टेरॉल, स्टिग्मास्टेरॉल ही त्यातली मुख्य नावे. रेणूची ठेवण इतकी सारखी की सिटोस्टेरॉल आणि कोलेस्टेरॉल यांत फरक असतो तो शेपटीकडे लागलेल्या दोन जादा कार्बन अणूंचा. तेलबिया, दाणे, डाळी, धान्यांचा कोंडा आणि थोड्या प्रमाणात भाज्या-फळे, सगळीकडे ते असतात. शाकाहारी माणसाने आयुष्यभर ते खाल्लेलेच असतात.

गंमत पुढे आहे. बऱ्याच जणांना वाटते की शाकाहारी माणसाच्या आतड्यात कोलेस्टेरॉल येणारच कुठून? येते, आणि भरपूर येते. मांसाहारी जेवणातून दिवसाला दोन-तीनशे मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल पोटात जात असेल, तर यकृत पित्तरसातून साधारण एक हजार मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल रोज स्वतःच आतड्यात सोडते. त्यातले जवळजवळ निम्मे पुन्हा शोषले जाऊन रक्तात परतते. या परतीच्या प्रवासात फायटोस्टेरॉल आडवे येतात. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. आतड्याच्या भिंतीपर्यंत जायला त्याला पित्तक्षारांच्या अतिसूक्ष्म थेंबांत जागा मिळवावी लागते. सकाळच्या लोकलच्या डब्यासारखीच ही जागा मोजकी असते. फायटोस्टेरॉल आधी शिरून जागा अडवतात, तितके कोलेस्टेरॉल फलाटावर राहते आणि शौचावाटे बाहेर जाते. फायटोस्टेरॉल स्वतः मात्र रक्तात फारसे पोहोचत नाहीत. आतड्याच्या पेशीत शिरलेच तर तिथले दोन प्रथिनांचे पंप त्यांना ओळखून परत आतड्यात ढकलतात.

परतीचे कोलेस्टेरॉल घटले की यकृताला चणचण भासते. मग ते रक्तातले एलडीएल ओढून घेणारे ग्राही वाढवते आणि रक्तातला आकडा उतरतो. त्याच वेळी ते स्वतःचे कोलेस्टेरॉलचे उत्पादनही वाढवते. या उपायाला एक मर्यादा पडते ती म्हणूनच. अनेक वर्षांच्या अनेक चाचण्यांचा निष्कर्ष बऱ्यापैकी एकसारखा आहे: रोज सुमारे २ ग्रॅम फायटोस्टेरॉल घेतले तर एलडीएल ८ ते १० टक्क्यांनी उतरते. परिणाम दोन-तीन आठवड्यांत दिसतो, घेणे थांबवले की जातो, आणि रोज ३ ग्रॅमच्या पुढे गेल्यास फारसा जादा फायदा होत नाही.

ही माहिती काही नवी नाही. १९५० च्या दशकात ससे आणि माणसांवर सिटोस्टेरॉलचे प्रयोग झाले आणि त्याच दशकात अमेरिकेत ते औषध म्हणून बाजारातही आले. पण तेव्हा ते बरेच ग्रॅम घ्यावे लागे, चवीला खडूसारखे, आणि ते मागे पडले. विषय पुन्हा उठला तो फिनलंडमध्ये. कागदासाठी पाइन वृक्षाचा लगदा करताना जो तेलकट टाकाऊ भाग उरतो त्यातून स्टेरॉल काढून, ते चरबीत विरघळेल अशा रूपात मार्गारिनमध्ये घालण्याची युक्ती तिथल्या रसायनतज्ज्ञांना सापडली. १९९५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने उत्तर करेलिया भागातल्या १५३ जणांवरील वर्षभराचा प्रयोग छापला. त्यात एलडीएल सुमारे १४ टक्क्यांनी उतरले होते. त्याच वर्षी ‘बेनेकॉल’ हे मार्गारिन तिथल्या दुकानांत आले आणि पुढे युरोपभर अशा लोण्या-दह्यांची वेगळी फळीच तयार झाली.

उत्तर करेलियाचे नाव आले म्हणून जरा थांबतो. १९७० च्या सुमारास हृदयविकाराने मरणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांचे प्रमाण या भागात जगात सर्वांत जास्त असलेल्यांपैकी होते. १९७२ मध्ये पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरच्या नेतृत्वाखाली तिथे मोठी मोहीम सुरू झाली. लोणी कमी करा, वनस्पतिजन्य तेल वापरा, मीठ कमी करा, सिगरेट सोडा, रक्तदाब तपासा. गावातल्या बायकांच्या मंडळांपासून सॉसेज बनवणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना त्यात ओढले गेले. १९९५ पर्यंत तिथल्या कामकरी वयाच्या पुरुषांमधले हृदयविकाराचे मृत्यू जवळजवळ तीन-चतुर्थांशाने घटले होते. म्हणजे फायटोस्टेरॉलचे मार्गारिन दुकानात पोहोचले तेव्हा फिनलंडची मोठी लढाई जिंकून झालेली होती. जाहिरातीत हा क्रम कोणी सांगत नाही.

आता आपल्या स्वयंपाकघरातला हिशेब. २ ग्रॅम फायटोस्टेरॉल जेवणातून मिळतात का? आपल्या नेहमीच्या आहारातून दिवसाला साधारण २०० ते ४०० मिलिग्रॅम मिळतात. चांगल्या शाकाहारी ताटातून थोडे अधिक. तेलांमध्ये भाताच्या कोंड्याचे तेल म्हणजे राइस ब्रॅन आघाडीवर, १०० ग्रॅममध्ये हजार मिलिग्रॅमच्या आसपास. शिवाय त्यात ओरायझेनॉल नावाचे त्याच कुळातले संयुग असते. मक्याचे आणि मोहरीचे तेल त्याखालोखाल. सूर्यफुलाचे मध्यम. शेंगदाणा तेलात दोन-अडीचशे मिलिग्रॅम आणि पाम व नारळाच्या तेलात शंभराच्याही आत. तेलाच्या शुद्धीकरणात यातले थोडे निघूनही जाते.

म्हणजे केवळ राइस ब्रॅन तेलातून २ ग्रॅम मिळवायचे तर दिवसाला सुमारे २०० ग्रॅम तेल खावे लागेल. त्यातून १,८०० कॅलरी मिळतील, एका माणसाच्या दिवसभराच्या जेवणाइतक्या. शेंगदाणा तेलाने हेच करायचे तर जवळपास किलोभर तेल. ते लाकडी घाण्याचे असले तरी गणित फारसे बदलत नाही. दिवसाला माणशी दोन-तीन चमचे तेल हा शहाणपणाचा वापर धरला तर सगळ्यांत ‘श्रीमंत’ तेलही दोन-तीनशे मिलिग्रॅमच देईल. परिणाम दाखवणाऱ्या मात्रेच्या सातव्या ते दहाव्या भागाइतके. काकांच्या डब्यावर फायटोस्टेरॉलचा उल्लेख होता तो खरा. एलडीएल औषधासारखे उतरवण्याइतके मात्र ते त्या डब्यातून पोटात जाऊ शकत नव्हते.

परदेशात म्हणूनच ते मार्गारिनमध्ये, दह्यात वेगळे मिसळतात, आणि आपल्याकडे कॅप्सूल, पुड्या आणि ‘हार्ट’ नावाने सुरू होणाऱ्या पावडरींतून ते मिळू लागले आहेत. त्यांतून २ ग्रॅमची मात्रा गाठता येते. मग खरा प्रश्न येतो: एलडीएल दहा टक्क्यांनी उतरले, पण धमन्यांचे काय? झटके टळतात का?

इथे उत्तर सरळ नाही. फायटोस्टेरॉल घेतल्याने हृदयविकाराचे झटके किंवा मृत्यू कमी होतात हे दाखवणारी एकही मोठी चाचणी झालेली नाही. हजारो माणसांना पाच-सात वर्षे द्यायचे, तेवढ्यांना द्यायचे नाही आणि मोजत बसायचे, हे काम खर्चिक असते. अन्नपदार्थ विकायला ते करावेच लागत नाही, त्यामुळे कोणी केले नाही. एलडीएल उतरले म्हणजे फायदा होणारच, असे म्हणणारे तज्ज्ञ आहेत आणि त्यांचा युक्तिवाद कच्चा नाही. आतड्यात कोलेस्टेरॉल शोषणारा दरवाजाच बंद करणारे इझेटिमाइब हे औषध घ्या. झटका येऊन गेलेल्या १८,१४४ रुग्णांवर त्याची चाचणी झाली आणि २०१५ मध्ये निकाल आला. स्टॅटिनच्या जोडीला ते दिल्यावर सात वर्षांत झटके, पक्षाघात, मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ३४.७ टक्क्यांवरून ३२.७ टक्क्यांवर आले. फायदा छोटा, पण पक्का. म्हणजे आतड्याकडून कोलेस्टेरॉल अडवण्याचा मार्ग चुकीचा नाही.

दुसरी बाजूही आहे. रक्ताचा आकडा सुधारला आणि माणसे मात्र दगावली, असे वैद्यकाने पाहिलेले आहे. टॉर्सेट्रॅपिब नावाचे औषध ‘चांगले’ एचडीएल भरपूर वाढवत होते, एलडीएलही कमी करत होते. २००६ च्या डिसेंबरमध्ये त्याची मोठी चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त होत होते.

फायटोस्टेरॉलच्या बाबतीत सावध राहायला एक खास कारणही आहे. १९७४ मध्ये अमेरिकेत भट्टाचार्य आणि कॉनर या संशोधकांनी दोन बहिणींचा आजार नोंदवला. त्यांच्या स्नायूंच्या दोरांवर चरबीच्या गाठी होत्या, जशा खूप कोलेस्टेरॉल असलेल्यांना येतात, पण त्यांच्या रक्तात साचले होते वनस्पतींचे स्टेरॉल. या आजाराला सिटोस्टेरोलेमिया म्हणतात. वर सांगितलेले, फायटोस्टेरॉलला आतड्यात परत ढकलणारे दोन पंप जनुकीय दोषाने बिघडले की तो होतो आणि अशा रुग्णांच्या धमन्या तरुण वयातच कडक होऊ शकतात. हा आजार फार दुर्मीळ आहे, त्यामुळे तेल-डाळी खाताना त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही. पण त्याच पंपांच्या जनुकांत बारीक फरक असलेली माणसे कितीतरी जास्त आहेत. आइसलंडमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले की अशा फरकांमुळे वाढणारी हृदयविकाराची जोखीम केवळ कोलेस्टेरॉलच्या वाढीने पुरती उलगडत नाही. मग शोषलेले वनस्पती-स्टेरॉलही धमन्यांना त्रास देतात का? शंका रास्त आहे, निकाल लागलेला नाही. निकाल लागेपर्यंत, वरण-भातातून मिळणारे फायटोस्टेरॉल आणि कॅप्सूलमधून रोज घेतलेले २ ग्रॅम यांना एकच माप लावू नये, असे माझे मत आहे.

तज्ज्ञांच्या संस्थांतही एकमत नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१४ मध्ये हृदयविकार टाळण्यासाठी वनस्पती-स्टेरॉल सरसकट सुचवू नका, असे डॉक्टरांना सांगितले. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांनी २०१९ मध्ये, ज्यांचे एलडीएल वाढलेले आहे पण औषधाची वेळ आलेली नाही त्यांना ते सुचवायला हरकत नाही, असे म्हटले. युरोपात अशा पदार्थांवर ठळक सूचना छापावी लागते: दिवसाला ३ ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नये; गरोदर व स्तनदा माता आणि पाच वर्षांखालील मुले यांच्यासाठी ते योग्य नसू शकते; कोलेस्टेरॉलची गोळी चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. घरात एकाचे कोलेस्टेरॉल वाढले म्हणून सगळ्यांच्या दुधात तीच पावडर घालणाऱ्यांनी यातले मधले वाक्य पुन्हा वाचावे.

अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकने २०२२ मध्ये एक सरळ तुलना केली. सुमारे १९० जणांचे गट करून कोणाला रोसुव्हास्टॅटिनची ५ मिलिग्रॅमची लहान गोळी, कोणाला नुसती खोटी गोळी, तर कोणाला मासळीचे तेल, दालचिनी, लसूण, हळद, वनस्पती-स्टेरॉल आणि लाल यीस्ट तांदूळ यांपैकी एक पूरक असे २८ दिवस दिले. गोळीच्या गटाचे एलडीएल जवळजवळ ३८ टक्क्यांनी उतरले. एकाही पूरकाने खोट्या गोळीपेक्षा लक्षणीय फरक दाखवला नाही. प्रयोग छोटा आणि महिनाभराचाच, आणि त्याला पैसे रोसुव्हास्टॅटिन बनवणाऱ्या कंपनीचे होते, हेही सांगायला हवे. तरी ३८ आणि जवळपास शून्य यांतले अंतर केवळ प्रायोजकाने निर्माण केले असे म्हणणे कठीण आहे.

आता काकांचा आकडा पुन्हा घेऊ. १३१ मधून दहा टक्के वजा केले, तेही २ ग्रॅमची पूर्ण मात्रा रोज घेतली असे धरून, तरी ११८ उरतात. त्यांना हवेत ५५ च्या खाली. एलडीएल साधारण ३९ मिलिग्रॅमने उतरवले की झटका-पक्षाघातासारख्या मोठ्या घटना सुमारे पाचव्या भागाने कमी होतात, हे स्टॅटिनच्या चाचण्यांतल्या लाखांवर माणसांच्या नोंदींतून दिसले आहे. गोळी बंद करून तेलावर विसंबलेला माणूस जे गमावतो ते इतके मोजण्याजोगे आहे.

तेलांच्या बाबतीत आपला कायदा तसा झोपलेला नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०११ च्या लेबल-नियमांनी खाद्यतेलांच्या वेष्टनावर आणि जाहिरातीत ‘अँटी-कोलेस्टेरॉल’, ‘कोलेस्टेरॉल फायटर’, ‘सूदिंग टू हार्ट’, ‘कोलेस्टेरॉल फ्रेंडली’, इतकेच काय, ‘डबल रिफाइंड’ हे शब्दही वापरायला मनाई केली. मग शब्द गेले आणि चित्रे आली. लाल हृदय, धावणारे आजोबा, पांढऱ्या कोटातला हसरा माणूस. आणि ‘कोलेस्टेरॉल-मुक्त’ हे तर कोणत्याही वनस्पती तेलाबद्दल खरेच असते. कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांत असते. पामतेल कोलेस्टेरॉल-मुक्तच असते, पण त्यातला जवळजवळ निम्मा मेद संपृक्त असतो आणि तोच रक्तातले एलडीएल वाढवतो. खोबरेल तेलात हे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास. फरसाण, बिस्किटे, खारी-टोस्टच्या पुड्यावर बारीक अक्षरांत ‘पामोलिन’ असते, तिथे लक्ष द्यावे. तेल विकत घेताना समोरचे हृदय सोडून मागच्या तक्त्यातली संपृक्त मेदाची ओळ पाहिली तर जास्त कळते.

भारतीयांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात एलडीएल वाढलेले लोक सुमारे २१ टक्के होते, पण एचडीएल कमी असलेले ६७ टक्के आणि ट्रायग्लिसराइड वाढलेले ३२ टक्के. म्हणजे आपल्याकडे बऱ्याच जणांचा बिघाड एलडीएलपुरता नाही. पोट सुटलेले, एचडीएल कमी, ट्रायग्लिसराइड जास्त, असा तो नमुना आहे आणि त्यामागे भात-मैदा-साखरेचा मोठा वाटा आहे. त्याच संशोधकांच्या २०२५ मधल्या अहवालानुसार भारतीय जेवणातली ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते. फायटोस्टेरॉल एचडीएल वाढवत नाहीत आणि ट्रायग्लिसराइडवर त्यांचा परिणाम नगण्य असतो. उपासाला साबुदाण्याची खिचडी ‘हृदयाच्या तेलात’ परतली तरी ती साबुदाण्याचीच राहते.

याचा अर्थ आहाराने काही होत नाही असा मुळीच नाही. टोरंटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांनी २००३ मध्ये एक छान प्रयोग केला. कोलेस्टेरॉल थोडे-थोडे उतरवणारे चार पदार्थगट त्यांनी एकत्र केले: वनस्पती-स्टेरॉल, विरघळणारे तंतू, सोयाबीनची प्रथिने आणि बदाम. तंतूंसाठी ओट, जव, इसबगोल आणि चक्क भेंडी-वांगी होती. महिनाभरात एलडीएल जवळजवळ २९ टक्क्यांनी उतरले. तुलनेतल्या लोव्हास्टॅटिनच्या गटात ३१ टक्क्यांनी. गाजावाजा झाला तो याच आकड्याचा. त्या महिन्यात लोकांना सगळे अन्न मोजून पुरवले होते. २०११ मध्ये त्यांनीच साडेतीनशे लोकांना फक्त सल्ला देऊन घरी सोडले, तेव्हा सहा महिन्यांनी घट १३-१४ टक्के निघाली. मला हा दुसरा आकडा जास्त मोलाचा वाटतो, कारण तो खऱ्या घरांतला आहे, आणि एकट्या कॅप्सूलपेक्षा मोठाही आहे.

आपल्याला यातले बरेचसे परके नाही. इसबगोल तर जगाला भारतच पुरवतो. त्याची मोठी बाजारपेठ गुजरातेत उंझ्याला आहे. रोज सात ते दहा ग्रॅम इसबगोल भरपूर पाण्याबरोबर घेतल्यास एलडीएल ५ ते १० टक्क्यांनी उतरू शकते, म्हणजे फायटोस्टेरॉलच्या तोडीचा परिणाम, कितीतरी कमी पैशांत. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत तास-दोन तासांचे अंतर ठेवावे. रोज एक वाटी शिजवलेली डाळ किंवा कडधान्य वाढवले तर सुमारे ५ टक्के. जव म्हणजे आपला सातू. हल्लीच्या सातूच्या पिठात सातू कमी आणि गहू-डाळे जास्त असते, तो भाग वेगळा. तीळ, जवस, कारळ्याची चटणी, मूठभर दाणे, यांतून फायटोस्टेरॉल थोडे आणि असंपृक्त मेद बऱ्यापैकी मिळतो. दुधीच्या रसाने ‘ब्लॉकेज’ धुऊन निघतात हा निरोप मात्र पुढे पाठवू नका. दुधीचा कडू लागणारा रस पिऊन माणसे गंभीर आजारी पडली आणि दगावलीही आहेत, आणि आयसीएमआरच्या समितीने तो पिऊ नये असे बजावले आहे.

ज्यांचे एलडीएल ११०-१२० आहे, इतर जोखीम नाही, अशा चाळिशीतल्या माणसाने या मार्गाने सहा महिने जाऊन पाहावे आणि मग पुन्हा रक्त तपासावे, हे मला योग्य वाटते. त्याला फायटोस्टेरॉलची पूरके घ्यायची असतील तर डॉक्टरांशी बोलून घ्यावीत. झटका, स्टेंट, बायपास किंवा जुना मधुमेह असलेल्यांसाठी हे सगळे गोळीच्या जोडीला आहे. जोडीला ते कामही करते. स्टॅटिनची मात्रा दुप्पट केली तरी एलडीएल जेमतेम ६ टक्के अधिक उतरते. त्याच गोळीवर चांगल्या आहाराची भर तेवढे सहज देऊ शकते.

राहता राहिल्या पोटऱ्या. स्टॅटिनने काही जणांना स्नायूदुखी होते, हे खरे आहे. पण लंडनच्या इंपिरिअल कॉलेजने त्रासामुळे गोळी सोडलेल्या ६० जणांवर एक प्रयोग केला. त्यांना काही महिने स्टॅटिन, काही महिने तशीच दिसणारी खोटी गोळी आणि काही महिने काहीच नाही, असे आलटून पालटून दिले. २०२० मध्ये निकाल आला: स्टॅटिनच्या महिन्यांत जो त्रास जाणवला त्याचा ९० टक्के भाग खोट्या गोळीनेही जाणवला होता. त्रास खराच होता, फक्त तो बहुतांशी औषधाचा नव्हता. आणि उरलेल्या थोड्यांसाठी मात्रा कमी करणे, दुसरे स्टॅटिन घेणे, इझेटिमाइब देणे, असे मार्ग असतात.

काकांना एवढे सगळे फोनवर सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घेऊन ते त्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी दुसरी गोळी, कमी मात्रेत सुरू केली, जोडीला इझेटिमाइब दिले, थायरॉइड आणि ‘ड’ जीवनसत्त्व तपासायला सांगितले आणि सहा आठवड्यांनी पुन्हा लिपिड प्रोफाइल. संध्याकाळी जिन्यात भेटले.

‘‘पण ते तेल? पाच लिटरचा डबा आणलाय मी.’’

‘‘वापरा की काका. तेल चांगलंच आहे. दोघांना मिळून महिन्याला एक लिटर पुरवा.’’

काकूंनी दारातूनच विचारले, ‘‘आणि दिवाळीच्या चकल्या?’’

त्याचे उत्तर काकांनी माझ्याकडे बोट दाखवून माझ्यावर सोपवले. मी म्हटले, सहा आठवड्यांचा रिपोर्ट येऊ द्या.